जपानी ऑफिसात कोणाला काय म्हणायचं: हुद्दे, मान आणि 'आतला-बाहेरचा' यांची सविस्तर तयारी

चाकणच्या एका कारखान्यात फोन वाजतो. पलीकडे जपानमधला ग्राहक. त्याला तानाका नावाच्या विभागप्रमुखांशी बोलायचंय. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी पास झालेली आपली मुलगी अगदी आदबीनं सांगते, "तानाका बुच्योऽ-सान वा इमा इराश्शाइमासेन," म्हणजे 'तानाका साहेब आत्ता नाहीत'. आवाज नम्र, क्रियापदाचं रूप बिनचूक, तरीही एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत. बाहेरच्या माणसापुढे आपल्या साहेबांच्या नावाला हुद्दा जोडला, हुद्द्यावर आणखी 'सान' चढवलं आणि आपल्याच माणसासाठी 'इराश्शारु' हे मानाचं क्रियापद वापरलं.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांना मी कामासाठी तयार करते. ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचं मूळ आता मला नीट दिसतं. मराठीत मान माणसाला चिकटलेला असतो. साहेब ऑफिसात साहेब, ग्राहकापुढेही साहेबच. "आमचे साहेब आत्ताच बाहेर गेलेत" हे आपण शेजाऱ्याला, ग्राहकाला, पोस्टमनला एकाच रूपात सांगतो. जपानीत मान ठरतो तो समोर कोण ऐकतंय त्यावरून. त्याच तानाकांना एका फोनवर उचलून धरायचं आणि पुढच्या फोनवर खाली आणायचं. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते. त्यामुळे ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असूनही जिभेवर बसत नाही, आणि चूक थेट कामाच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पडते.

खालचे टप्पे याच क्रमानं करा. बहुतेक जण क्रियापदांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण कोणाला वर धरायचं हे ठरण्याआधीच रूपं पाठ झालेली असतात.

टप्पा १. आधी उच्चार सरळ करा

या लेखात लांब 'ओ' साठी अवग्रह वापरला आहे: च्योऽ, ज्योऽ. तो सोडू नका. 'ज्योऽशि' म्हणजे वरिष्ठ, आणि नुसतं 'ज्योशि' म्हणजे मुलगी किंवा स्त्री. "माझ्या वरिष्ठांना विचारतो" म्हणताना स्वर आखूड पडला, तर ऐकणारा गोंधळतो.

दुसरी अडचण खास आपली आहे. मराठी माणूस 'शाचो' असं लिहिलेलं वाचताना 'चोर' मधला च काढतो. जपानी च हा 'चहा' मधला. म्हणून वहीत 'शाच्योऽ, बुच्योऽ' असंच लिहा. 'ज' चंही तसंच: 'ज्योऽमु' मधला ज 'जीव' मधला, 'जोर' मधला नव्हे.

तपासणी: 'काच्योऽ, बुच्योऽ, शाच्योऽ' मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. शेवटचा स्वर दोन मात्रा टिकतोय का?

टप्पा २. उतरंड कागदावर काढा

रुजू व्हायच्या आधी कंपनीचा 'सोशिकिझु', म्हणजे संघटनेचा तक्ता मिळवा. वेबसाइटवर नसेल तर एचआरकडे मागा. मग वरून खाली सर्वसाधारण क्रम लिहा:

१. काइच्योऽ: संचालक मंडळाचे अध्यक्ष
२. शाच्योऽ: कंपनीचे प्रमुख
३. फुकुशाच्योऽ: उपप्रमुख
४. सेम्मु: वरिष्ठ कार्यकारी संचालक
५. ज्योऽमु: कार्यकारी संचालक
६. होम्बुच्योऽ: अनेक विभागांवरचा प्रमुख
७. बुच्योऽ: विभागप्रमुख
८. जिच्योऽ: विभागप्रमुखाच्या हाताखालचा
९. काच्योऽ: विभागातल्या उपविभागाचा (सेक्शनचा) प्रमुख
१०. काकारिच्योऽ: गटप्रमुख
११. शुनिन: अनुभवी, थोडी जबाबदारी असलेला
१२. हिराशाइन: पद नसलेला साधा कर्मचारी

कारखान्यात याच्या बाजूला 'कोऽज्योऽच्योऽ' म्हणजे कारखानाप्रमुख असतो, आणि शॉपफ्लोअरवर 'हान्च्योऽ', काही ठिकाणी 'कुमिच्योऽ' म्हणजे टोळीप्रमुख. कारखान्याच्या बाहेर 'कुमिच्योऽ' हा शब्द याकुझा या गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्यासाठीही वापरतात. म्हणून बाहेर बोलताना तो संदर्भाशिवाय टाकू नका. कंपनीच्या वतीनं सही करण्याचा कायदेशीर अधिकार दाखवणारं पद 'दाइह्योऽ तोरिशिमारियाकु'. 'शाच्योऽ' ही कंपनीनं दिलेली पदवी आहे. करारावर नाव घालताना हा फरक लागतो.

सावधान: इंग्रजी हुद्द्यांवरून अंदाज बांधू नका. आपल्याकडे एमडी म्हणजे कंपनीचा सर्वेसर्वा. जपानी कार्डावर 'मॅनेजिंग डायरेक्टर' असं इंग्रजीत छापलेलं असेल, तर बहुधा ते ज्योऽमु असतात, म्हणजे शाच्योऽच्या दोन-तीन पायऱ्या खाली. त्यांना प्रमुख समजून स्वागताचं भाषण लिहिलं आणि खरे प्रमुख शेजारीच उभे असले, तर दोघंही अवघडतात. उलट बाजूही पाहा. आपल्या कंपन्यांत मॅनेजर हा हुद्दा लवकर मिळतो. तुमच्या कार्डावर मॅनेजर आहे म्हणून स्वतःची ओळख 'बुच्योऽ' अशी करून देऊ नका. काच्योऽचं भाषांतर साधारण मॅनेजर असं होतं, बुच्योऽचं जनरल मॅनेजर.

तक्त्यावर प्रत्येक नावापुढे त्याचा उच्चार लिहा. एकाच कांजीचं (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांचं) आडनाव नाकाता असतं किंवा नाकादा, कोऽनो असतं किंवा कावानो. कार्डाच्या मागच्या इंग्रजी बाजूवरून ते कळतं. नाहीतर सरळ विचारा. विचारणं शिष्टाचारात बसतं, चुकीचं नाव घेणं बसत नाही.

तपासणी: तक्ता झाकून तुमच्या वरची तीन माणसं हुद्दा आणि अचूक उच्चारासह सांगता येतात का?

टप्पा ३. तोंड उघडण्यापूर्वी तीन माणसं मोजा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. बोलताना नेहमी तीन जागा असतात: मी, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो. जपानीत 'उचि' म्हणजे आतले, आपले, आणि 'सोतो' म्हणजे बाहेरचे. आधी रेघ ओढा, मग शब्द निवडा.

ऐकणारा बाहेरचा आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो आपला असेल, तर आपल्या माणसाला खाली आणायचं. तो शाच्योऽ असला तरी. ऐकणारा आपलाच आणि विषय वरिष्ठाचा असेल, तर वर धरायचं. बुच्योऽशी काच्योऽबद्दल बोलताना दोघंही तुमच्याहून वरचे असतात. अशा वेळी काच्योऽला खाली पाडू नका. "काच्योऽ गा सोऽ इवारेमाशिता" (काच्योऽ तसं म्हणाले) एवढा हलका मान पुरेसा.

ही रेघ प्रसंगागणिक सरकते, आणि त्यासाठी मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारते: फोनवर तानाकांची पत्नी असेल तर? कंपनीच्या दृष्टीनं ती बाहेरची, म्हणून मुलं लगेच 'तानाका वा...' असं उघडं नाव घेतात. पण ती तानाकांच्या बाजूची आहे, आणि तिच्यासमोर नवऱ्याला खाली आणणारे आपण कोण? तिथे 'तानाका-सान' किंवा 'तानाका बुच्योऽ' म्हणायचं आणि क्रियापदही मानाचं: "सेकि ओ हाझुशिते इराश्शाइमास" (जागेवर नाहीत). तोच माणूस, तीच रिकामी खुर्ची, वाक्य मात्र उलटं.

घरच्या शब्दांवर सराव करा, कारण तिथे ही रेघ रोज भेटते. माझी आई 'हाहा', तुमची आई 'ओकाऽसान'. माझे वडील 'चिचि', तुमचे 'ओतोऽसान'. मराठीत आपण "माझे बाबा आले" असं परक्यालाही आदरार्थी बहुवचनात सांगतो, आणि ती सवय मोडायला वेळ लागतो. जपानी माणसाशी बोलताना 'वाताशि नो ओतोऽसान' हे तोंडातून आलं, की थांबून वाक्य पुन्हा म्हणा.

दुभाषाचं काम करणाऱ्यांसाठी: तुम्हाला ज्यांनी नेमलं त्यांच्या बाजूला तुमची खुर्ची आहे. मराठी इंजिनिअर "आमचे पाटील साहेब म्हणतात" असं म्हणाला, तरी जपानी ग्राहकापुढे ते "पाटील गा मोऽशिते ओरिमास" असंच उतरायला हवं. हे पाटील साहेबांना आधी समजावून ठेवा. नाहीतर आपलं नाव उघडं घेतलेलं ऐकून ते दुखावतील.

टप्पा ४. नावामागे काय लावायचं ते ठरवा

आता नियम सोपे होतात.

स्वतःच्या नावामागे काहीही नाही. भारतातल्या जपानी कारखान्यांत सगळेच एकमेकांना 'पाटील-सान', 'स्नेहा-सान' म्हणतात, आणि ऐकून ऐकून मुलं ओळख करून देतानाही "पाटील-सान देस" म्हणून मोकळी होतात. मराठीत "मी पाटीलसाहेब बोलतोय" असं कोणी म्हणालं तर कसं वाटेल?

कंपनीच्या आत वरिष्ठांना आडनाव आणि हुद्दा: 'तानाका बुच्योऽ'. हुद्दा हाच मान आहे, म्हणून 'बुच्योऽ-सान' किंवा 'बुच्योऽ-सामा' नको. काही कंपन्यांत मुद्दाम हुद्दे सोडून सगळ्यांना 'सान' लावण्याची पद्धत आहे. पहिल्या दिवशी कान उघडे ठेवा आणि बाकीचे जे म्हणतात तेच म्हणा.

बाहेरच्यांपुढे आपला माणूस: नुसतं 'तानाका', किंवा हुद्दा आधी घालून 'बुच्योऽ नो तानाका'. इथे क्रमालाच अर्थ आहे. नावामागे आलेला हुद्दा मान देतो, नावाआधी आलेला फक्त माहिती देतो. ओळख करून देताना: "कोचिरा वा बुच्योऽ नो तानाका दे गोझाइमास."

ग्राहकाला लिहिताना 'सामा', बोलताना 'सान' किंवा हुद्दा. 'कुन' वरून खाली वापरतात. नव्या माणसानं ते तोंडात घेऊ नये.

'सेन्सेइ' शिक्षक, डॉक्टर, वकील, राजकारणी यांना हाक मारताना म्हणतात. स्वतःचा पेशा सांगताना तो चालत नाही. मी शिक्षिका आहे हे सांगायला मला 'क्योऽशि' म्हणावं लागतं.

सगळ्यात घट्ट रुतलेली चूक 'आनाता' ची. पुस्तकात 'आनाता = तुम्ही' असं छापलेलं असतं, आणि मराठी मुलाला वाटतं की 'तुम्ही' म्हणजे आदर आलाच. वरिष्ठाला किंवा ग्राहकाला 'आनाता' म्हणणं उद्धट वाटतं. सर्वनामाच्या जागी नाव किंवा हुद्दा घाला: "बुच्योऽ वा दोऽ नासाइमास का?" (बुच्योऽ काय करणार?) आपल्याकडेही "साहेब चहा घेणार का?" असं साहेबांनाच विचारतात. तीच वाक्यरचना इथे कामाला येते.

तपासणी: आपले शाच्योऽ ग्राहकाला भेटताहेत आणि ओळख तुम्ही करून देताय. तोंडातून 'शाच्योऽ नो...' आलं की '...शाच्योऽ'?

टप्पा ५. आता क्रियापदं

२००७ मध्ये जपानच्या सांस्कृतिक परिषदेनं आदरवाचक भाषेचे पाच प्रकार मांडले. कामापुरते दोनच ढीग करा: समोरच्याला वर नेणारं 'सोन्केइगो' आणि स्वतःला खाली आणणारं 'केन्ज्योऽगो'. जोड्या अशा:

- असणे, येणे, जाणे: ते 'इराश्शारु', मी असतो 'ओरु', मी येतो किंवा जातो 'माइरु'
- बोलणे: ते 'ओश्शारु', मी 'मोऽसु'
- खाणे-पिणे: ते 'मेशिआगारु', मी 'इतादाकु'
- बघणे: ते 'गोरान नि नारु', मी 'हाइकेन सुरु'
- करणे: ते 'नासारु', मी 'इतासु'

या जोड्या स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करू नका. टप्पा ३ मधली रेघ ओढा आणि प्रत्येक जोडीची दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा, एक ग्राहकाबद्दल आणि एक आपल्या साहेबांबद्दल, दोन्ही ग्राहकाला उद्देशून.

सावधान: मानावर मान चढवू नका. 'ओश्शारारेरु' मध्ये आदर दोनदा आला. 'ओश्शारु' पुरे.

काही रोजचे शब्दही वरून खाली वाहतात. 'गोकुरोऽसामा' ('कष्ट घेतलेत') वरिष्ठानं कनिष्ठाला म्हणायचं, तुम्ही 'ओत्सुकारेसामा देस' म्हणा. काम समजलं हे सांगताना वरिष्ठाला 'र्‍योऽकाइ' नको, 'श्योऽचि शिमाशिता' म्हणा. आणि वरिष्ठाच्या सादरीकरणानंतर "ज्योऽझु देस ने" ('छान जमतं तुम्हाला') म्हणू नका. आपल्याला ते कौतुक वाटतं, जपानी कानाला ते कनिष्ठानं दिलेले गुण वाटतात. "बेन्क्योऽ नि नारिमाशिता", म्हणजे शिकायला मिळालं, हे योग्य.

टप्पा ६. फोनचा सराव

सुरुवातीचं वाक्य पुन्हा घ्या. तानाका जागेवर नाहीत, फोन ग्राहकाचा आहे.

"मोऽशिवाके गोझाइमासेन. तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास."

मग परत फोन करण्याचं आश्वासन: "मोदोरि-शिदाइ, कोचिराकारा ओदेन्वा इताशिमास."

ग्राहक निरोप देतो. इथे फार बारीक चूक होते. "सांगते" साठी मुलं 'ओत्सुताए शिमास' म्हणतात, कारण ते नम्र रूप आहे. पण त्यात निरोप ज्याला पोचायचा त्याला मान मिळतो, म्हणजे आपल्याच तानाकांना. बरोबर वाक्य: "तानाका नि मोऽशित्सुताएमास." फोन ठेवल्यावर तानाकांकडे वळलात की दिशा उलटते: "सुझुकि-सान कारा ओदेन्वा गा आरिमाशिता" (ग्राहक सुझुकि यांचा फोन आला होता).

ही चार वाक्यं चिठ्ठीवर देवनागरीत लिहून फोनशेजारी चिकटवा. माझ्याकडून गेलेल्या मुलींपैकी एकीनं ती चिठ्ठी तीन महिने ठेवली होती. तिला ती एकदाच वाचावी लागली, पण फोन उचलताना हात थरथरायचा तो त्या चिठ्ठीमुळे थांबला.

टप्पा ७. मेलचा माथा

क्रम पक्का आहे: कंपनीचं पूर्ण नाव, विभाग, हुद्दा, मग नाव आणि 'सामा'. हुद्दा नावाच्या आधी येतो, म्हणून 'सामा' शी त्याचं भांडण होत नाही. 'तानाका बुच्योऽ-सामा' मात्र नको.

- माणूस माहीत नाही, विभागालाच लिहायचंय: विभागाच्या नावामागे 'ओन्च्यू'. 'ओन्च्यू' आणि 'सामा' एकत्र नाहीत.
- अनेकांना एकच मेल: 'काकुइ'. त्यात मान आलेला आहे, पुढे 'सामा' नको.
- समोरची कंपनी लिहिताना 'किशा', बोलताना 'ओन्शा'. आपली कंपनी 'हेइशा'.

'काबुशिकि-गाइशा' (आपल्या 'लिमिटेड' सारखे) हे शब्द नावाच्या आधी येतात की नंतर, ते कंपनीगणिक बदलतं. हिताचीच्या अधिकृत नावात ते आधी आहेत, टोयोटाच्या नावात शेवटी. कार्डावरून उतरवून घ्या, आठवणीवर विसंबू नका.

बाहेरच्यांना पहिली ओळ "इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास" (नेहमी आपलं सहकार्य मिळतं), आतल्यांना "ओत्सुकारेसामा देस". पाठवण्याआधी ही एक ओळ आणि माथा एवढंच पुन्हा वाचा.

टप्पा ८. कार्ड आणि खुर्ची

पाहुणा आधी कार्ड देतो, कनिष्ठ आधी देतो. मिळालेलं कार्ड लगेच खिशात घालू नका, समोरच्यांच्या बसण्याच्या क्रमानं टेबलावर मांडा. बैठकीत नावं विसरलात तर तोच तुमचा तक्ता. दारापासून सगळ्यात दूरची जागा मानाची, 'कामिझा'. दाराजवळची 'शिमोझा' तुमची. टॅक्सीत ड्रायव्हरच्या मागची जागा वरिष्ठांची आणि ड्रायव्हरशेजारची सगळ्यात कनिष्ठाची. गाडी वरिष्ठ स्वतः चालवत असतील, तर मात्र त्यांच्या शेजारची जागा मानाची होते.

टप्पा ९. वर्ग आणि दर्जा सांगणारे शब्द जपून

शब्दकोशात 'दर्जा' शोधलात तर चार-पाच शब्द एकदम येतात, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'याकुश्योकु' म्हणजे कंपनीतलं पद. 'चिइ' म्हणजे समाजातलं किंवा संस्थेतलं स्थान. 'ताचिबा' म्हणजे त्या प्रसंगातली तुमची भूमिका, आणि "माझ्या पदावरून हे सांगता येणार नाही" म्हणायला हाच शब्द लागतो. 'काइक्यू' म्हणजे वर्ग किंवा लष्करी श्रेणी. 'मिबुन' हा जन्मानं ठरणाऱ्या दर्जाचा जुना शब्द. आज तो रोज भेटतो तो 'मिबुन-श्योऽमेइश्यो' मध्ये, म्हणजे ओळखपत्रात. ओळखपत्र मागितलं की दाखवा, पण कोणाचा 'मिबुन' काय असं विचारू नका. 'मेउए' आणि 'मेशिता', म्हणजे वरचा आणि खालचा, हे शिष्टाचार शिकवताना वापरतात. कोणाच्या तोंडावर त्याला 'मेशिता' म्हणणं अपमान आहे.

भारतीय म्हणून तुम्हाला कधीतरी 'काऽसुतो' बद्दल विचारलं जाईल. जपानी शाळांतल्या मुलांमधल्या उच्च-नीच उतरंडीला तिथे 'सुकूरु काऽसुतो' म्हणतात, त्यामुळे हा शब्द त्यांच्या ओठांवर असतो. उत्तर देताना जातीचं भाषांतर 'मिबुन' असं करू नका, त्यानं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जन्मावर दर्जा ठरणारा जुना एदो काळ उभा राहतो. 'काऽसुतो' हाच शब्द ठेवा आणि पुढे साध्या वाक्यात समजावा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. जपानमध्ये पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकु समाजाविरुद्धचा भेदभाव १८७१ च्या फर्मानानं कागदावर संपला, पण लग्न आणि नोकरीत तो मागे उरला, इतका की २०१६ मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. या लोकांसाठी वापरले गेलेले जुने शब्द कोशात सापडतात. ते उच्चारू नका, गंमत म्हणूनही नाही, शिकण्याच्या उत्सुकतेनंही नाही. सहकाऱ्याला त्याचं मूळ गाव, वाडी, पूर्वजांचा धंदा खोदून विचारू नका. आपल्याकडे "आडनाव काय? गाव कुठलं?" या प्रश्नामागे काय दडलेलं असतं हे आपण जाणतो. तिथेही ऐकणाऱ्याला ते कळतं.

सरावासाठी आज रात्रीच एक काम करा. तुमच्या सध्याच्या साहेबांबद्दलचं एक मराठी वाक्य घ्या: "साहेब उद्या येणार आहेत." ते जपानीत तीनदा लिहा, एकदा सहकाऱ्यासाठी, एकदा ग्राहकासाठी, एकदा साहेबांच्या पत्नीसाठी. तिन्ही वाक्यं सारखी आली, तर टप्पा ३ वर परत जा.